साडेचार लाख डॉलरची फोर्ड जीटी आणि मधले पैसे

मे २०१८ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला मेकम ह्या लिलाव कंपनीच्या लिलावात २०१७ ची एक फोर्ड जीटी आली आणि हातोडा पडला थेट १६.५ लाख डॉलरवर. कंपनीकडून हीच गाडी मिळाली असती साधारण साडेचार लाखांना. म्हणजे डिलिव्हऱ्या सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं तोवर किंमत साडेतीन पटीच्या वर, आणि मधल्या बारा लाखांतला एक डॉलरसुद्धा फोर्डच्या खिशात गेला नाही. उलट फोर्ड हा लिलाव थांबवा म्हणून कोर्टात गेली होती आणि कोर्टाने नाही म्हटलं होतं.

हे प्रकरण निघालं की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, फोर्डने किंमत चुकवली, सरळ दहा लाख लावायचे होते ना. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते किंमत बरोबर होती, गाड्या कमी ठेवल्या तेही बरोबर होतं, चुकलं ते पुढचं. मागणीपेक्षा कमी किमतीत आणि कमी संख्येत गाडी विकायला काढली की मध्ये एक मोठा फरक तयार होतो, तो कुणाच्या तरी घरी जाणारच असतो, आणि तो कुणाच्या घरी जावा हे कंपनीने आधी ठरवून तशी तजवीज करायची असते. फोर्डने ठरवलं छान पण तजवीज कच्ची केली. सगळं प्रकरण ह्या एका गोष्टीभोवती फिरतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी कशासाठी होती

नवी जीटी जगाला पहिल्यांदा दिसली जानेवारी २०१५ मध्ये, डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये. त्याआधी डिअरबॉर्नला फोर्डच्या प्रॉडक्ट डेव्हलपमेंट सेंटरच्या तळघरात एका कुलूपबंद खोलीत मोजकीच माणसं त्यावर काम करत होती, कंपनीतल्याही फार थोड्यांना पत्ता होता. मुळात विचार होता मस्टँग ही फोर्डचीच स्पोर्ट्स कार घेऊन फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या रेसला जायचा, पण मस्टँगला त्या कामासाठी इतकं बदलावं लागलं असतं की त्यापेक्षा नवीनच गाडी बनवू असं ठरलं. घाई कशाची होती तर १९६६ मध्ये फोर्डच्या जीटी४० ह्या रेसिंग गाडीने ल माँला पहिले तिन्ही नंबर मारले होते आणि २०१६ मध्ये त्याला ५० वर्षं होत होती. तारीख हलवता येण्यासारखी नव्हतीच.

त्यामुळे ही रस्त्यावरची स्पोर्ट्स कार नंतर रेसिंगला नेलेली असा प्रकार नाहीये. रेसिंगची गाडी आधी डोक्यात होती, आणि ल माँच्या जीटीई ह्या गटाच्या नियमांना रस्त्यावर विकली जाणारी गाडी लागते म्हणून नंबर प्लेटवाली गाडी तिच्या बरोबरीने आली. गाडीजवळ उभं राहून पाहिलं तर हे लगेच लक्षात येतं. सीट कार्बन फायबरच्या टबलाच, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यालाच, घट्ट बसवलेल्या आहेत, त्या पुढे-मागे सरकतच नाहीत, ड्रायव्हरने पेडल आणि स्टिअरिंग आपल्याकडे ओढून घ्यायचं. छतापासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ज्या दोन कमानी आहेत ना, त्या नुसत्या दिसायला ठेवलेल्या नाहीत, बाजूला बसवलेल्या इंटरकूलरमधून (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) इंजिनाकडे जाणारी हवा त्या कमानींच्या आतून जाते, आणि इंटरकूलरची गरम हवा बाहेर पडते ती गोल टेल लॅम्पच्या मधल्या भोकातून. ट्रॅक मोड लावला की अख्खी गाडी ५० मिलिमीटर खाली बसते. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे अशी गाडी असेंब्ली लाइनवर हजारोंनी निघत नाही, आणि स्वस्तातही निघत नाही.

जून २०१६ मध्ये ल माँला जीटीई प्रो क्लासमध्ये ६८ नंबरची जीटी पहिली आली. जोई हँड, डर्क म्युलर आणि सेबास्तियन बूर्दे हे तिघं चालवत होते, दुसरी फेरारी ४८८ आणि तिसरी-चौथी परत फोर्डच. गंमत म्हणजे तोवर एकाही गिऱ्हाइकाला रस्त्यावरची गाडी मिळालेली नव्हती, पहिल्या डिलिव्हऱ्या डिसेंबर २०१६ मध्ये झाल्या. म्हणजे जिंकण्याचं काम आधी उरकलं होतं, विक्री नंतर. किमतीचा विचार करताना हा क्रम विसरून चालत नाही, कारण ज्या गाडीचं मुख्य काम विक्रीच्या आधीच झालंय तिच्यातून शेवटचा डॉलर पिळून काढायची कंपनीला गरज नसते.

किंमत आणि आकडा कुठून आला

फोर्डने सुरुवातीला सांगितलं ते असं, की किंमत लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरच्या आसपास असेल, आणि ती चार लाखांच्या वर, साडेचार लाखांच्या घरात आली. आता नुसत्या पॉवरच्या हिशोबाने बघायला गेलं तर हे महाग आहे. जीटीमध्ये ३.५ लिटरचं ट्विन टर्बो व्ही६ म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन, ६४७ हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ताशी ३४७ किलोमीटर. त्याच २०१७ मध्ये मॅक्लारेन ७२०एस अमेरिकेत २,८४,७४५ डॉलरपासून मिळत होती आणि तिला आठ सिलिंडरचं व्ही८ होतं, पॉवर जास्त होती, कार्बनचा टबही होता. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, साडेचार लाख देऊन व्ही६ कोण घेणार, पिकअपमधलं इंजिन आहे वगैरे. पण इंजिन पिकअपच्या जातकुळीतलं आहे हाच तर फोर्डचा मुद्दा होता! एफ-१५० सारख्या पिकअप वर्षाला लाखोंनी विकल्या जातात, त्यात फोर्डचं इकोबूस्ट नावाचं टर्बो व्ही६ द्यायचं असतं, आणि व्ही८ शिवाय दमदार गाडी नसते असं मानणाऱ्या गिऱ्हाइकाला पटवायला ल माँ जिंकलेल्या इकोबूस्टपेक्षा चांगली जाहिरात कुठून आणणार.

संख्या ठरली वर्षाला २५०, दोन वर्षं, म्हणजे ५००. गाड्या फोर्डच्या कारखान्यात बनत नव्हत्या, कॅनडात ओंटारिओमधल्या मार्कहमला मल्टिमॅटिक नावाच्या कंपनीत हाताने जोडल्या जात होत्या. वर्षाला २५० म्हणजे सुट्ट्या सोडल्या तर कामाच्या दिवसाला एक गाडी. हा आकडा मार्केटिंगवाल्यांनी हवेतून काढलेला नाही, एवढ्याशा जागेत, एवढ्या लोकांकडून ह्या दर्जाची कार्बनची गाडी साधारण ह्याच वेगाने निघू शकते. आणि सुरुवातीला तोही वेग जमला नाही, २०१७ मध्ये डिलिव्हऱ्या रखडल्याच. कमी उत्पादन ही नेहमी नाटकीपणाने लादलेली टंचाई असते असं आपण पटकन समजतो, इथे टंचाई बऱ्यापैकी खरी होती.

आता पैशांचा हिशोब करून बघू. ५०० गाड्या गुणिले साडेचार लाख म्हणजे २२.५ कोटी डॉलर, दोन वर्षांत मिळून. फोर्डचा २०१६ चा एकूण महसूल होता १५,१८० कोटी डॉलर. समजा फोर्डने किंमत दहा लाख ठेवली असती आणि सगळ्या ५०० विकल्याही गेल्या असत्या, तरी जास्तीचे मिळाले असते २७.५ कोटी, म्हणजे एका वर्षाच्या महसुलाच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी. एवढ्यासाठी फोर्डने, म्हणजे सामान्य माणसाला परवडणारी गाडी देणारी कंपनी म्हणून जिचं नाव झालं तिने, दहा लाख डॉलरची पाटी लावायची? ह्या गाडीचं काम नफा कमवणं हे नव्हतंच. लोकांनी तिच्याबद्दल बोलावं, रस्त्यावर ती दिसावी, आणि ती दिसली की शेजारी उभ्या असलेल्या मस्टँगकडे किंवा पिकअपकडेही लोकांनी जरा वेगळ्या नजरेने बघावं, हे तिचं काम. आणि त्यासाठी ती चालवली जायला हवी, गॅरेजमध्ये कापडाखाली झाकून ठेवली तर पैसे वाया.

अर्ज करा, मग आम्ही ठरवू

हे सगळं डोक्यात असल्यामुळे फोर्डने जे केलं ते मला खरंच आवडलं. आधीच्या जीटीचा अनुभव ताजा होता. २००५-०६ ची जीटी एकूण ४,०३८ बनली, किंमत १,३९,९९५ डॉलर होती, आणि ती नेहमीच्या पद्धतीने डीलरच्या कोट्यातून विकली गेली. साहजिकच सुरुवातीला डीलरनी वर मार्कअप लावला आणि मधले पैसे डीलरच्या घरी गेले. सिनेमाच्या तिकिटांचा ब्लॅक होतो तसंच, फक्त इथे तिकीट खिडकीवालाच ब्लॅक करत होता.

ह्यावेळी फोर्डने गाडी कुणाला द्यायची हे डीलरच्या हातातून काढून घेतलं. १३ एप्रिल २०१६ ला ऑनलाइन अर्ज सुरू झाले, साधारण महिनाभर खिडकी उघडी होती. अर्जात विचारलं होतं की आधीची जीटी तुमच्याकडे आहे का, फोर्डच्या किती गाड्या आजवर घेतल्या, गाडी चालवणार की संग्रहात ठेवणार, लोकांसमोर तुमचा वावर किती, आणि हवं तर स्वतःचा छोटा व्हिडिओही जोडा. पूर्ण भरलेले अर्ज आले ६,५०६. गाड्या ५००. म्हणजे एका गाडीमागे तेरा माणसं, आणि ही तेराही साडेचार लाख मोजायला तयार असलेली!

ह्यावर टीका खूप झाली, श्रीमंतांना गाडीसाठी निबंध लिहायला लावताय म्हणून. पण टीका करणाऱ्यांनी दुसरा रस्ता कोणता हे सांगावं. लिलाव केला तर गाडी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पैसे त्याच्याकडे जाणार, आणि तो ती चालवेल ह्याची काहीच खात्री नाही. लॉटरी काढली तर जिंकणाऱ्यांतले निम्मे दुसऱ्या दिवशी विकायला काढणार. डीलरवर सोडलं तर काय होतं ते बघूनच झालं होतं. अर्जात पक्षपात होतो हे खरं, जुन्या गिऱ्हाइकांना आणि प्रसिद्ध लोकांना झुकतं माप मिळतं हेही खरं, पण निदान कंपनीने उघडपणे सांगितलं की मधला फरक आम्ही ह्या ह्या प्रकारच्या माणसाला बक्षीस म्हणून देतोय. माझ्या मते चारही पर्यायांत हाच सगळ्यात प्रामाणिक होता.

बक्षिसाला अट जोडली होती, की दोन वर्षं गाडी विकायची नाही. आणि कच्चं काम झालं ते इथेच.

अट कुणाला बांधून होती

पहिला दणका बसला प्रसिद्ध माणसाकडूनच. पैलवान आणि अभिनेता जॉन सीना, ज्याचं गाड्यांचं वेड सगळ्यांना माहीत, त्याची निवड झाली होती. त्याला सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस गाडी मिळाली, किंमत ४,६३,३७६ डॉलर, त्याने तिचा व्हिडिओही केला, आणि महिनाभरात ती विकून टाकली. ३० नोव्हेंबर २०१७ ला फोर्डने मिशिगनच्या फेडरल कोर्टात केस टाकली. फोर्डच्या तक्रारीत असं होतं की खर्च भागवायला रोख हवी म्हणून इतर मालमत्तेबरोबर गाडीही विकली असं त्याने सांगितलं. सीनाच्या वकिलांची बाजू पण ऐकण्यासारखी होती, त्यांचं म्हणणं की डीलरशी जो प्रत्यक्ष खरेदीचा करार झाला त्यात न विकण्याची अट नाहीच. फोर्डने अट आपल्या ऑर्डरच्या कागदांवर लिहून घेतली होती, पण गाडीची मालकी दिली डीलरने, डीलरच्या कागदावर. दोन कागद, दोन पक्ष, आणि अट त्यांच्या मधल्या फटीत.

जून २०१८ मध्ये तडजोड झाली, सीनाने दिलगिरी व्यक्त केली, ठराविक रक्कम भरली जी धर्मादाय कामाला गेली, रक्कम जाहीर झाली नाही. म्हणजे फटीबद्दल कोर्टाने शेवटपर्यंत काही ठरवलंच नाही.

त्याच्या महिनाभर आधी तो इंडियानापोलिसचा लिलाव झाला होता, आणि ते प्रकरण सीनापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे, जरी बातम्या सीनाच्याच झाल्या. तिथे गाडी विकणारा मूळ खरेदीदार नव्हताच. त्याच्यापर्यंत गाडी दुसऱ्याकडून आली होती, त्याने फोर्डच्या कुठल्याही कागदावर सही केलेली नव्हती. फोर्डने तात्पुरती मनाई मागितली, कोर्टाने दिली नाही, गाडी विकली गेली. करार हा करार करणाऱ्यांवर बंधनकारक असतो, तिसऱ्यावर नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे आणि एवढ्या मोठ्या कंपनीच्या वकिलांना ते माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी बहुधा असा विचार केला असावा की पहिल्यालाच बांधला की दुसरा येणारच नाही. पण पहिल्याने अट मोडली, किंवा काही कारणाने गाडी त्याच्या हातून गेली, की ती मोकळी होते, आणि मग तिच्यावर साडेतीन पट किंमत लागलेली असते. कंपनी फार तर पहिल्यावर दावा लावणार, पुढच्या गाड्यांच्या यादीतून त्याला काढणार. बारा लाख डॉलरपुढे ही शिक्षा किती जणांना अडवेल?

पुढे ऑगस्ट २०१८ च्या सुमारास फोर्ड आणि मेकमचं आपसात मिटलं, मूळ खरेदीदारांच्या गाड्या दोन वर्षांच्या आत फोर्डच्या संमतीशिवाय लिलावाला घ्यायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे गिऱ्हाइकाशी केलेला करार पुरला नाही म्हणून मग लिलावाच्या दारावर कुलूप लावावं लागलं, आणि तेही एकाच दारावर.

आणि अजून एक गोष्ट आहे जी ह्या प्रकरणात फार कमी बोलली जाते. १६.५ लाख हा जीटीचा बाजारभाव म्हणून सगळीकडे फिरला. पण तेव्हा बाजार होता कुठे? बहुतेक सगळ्या गाड्या दोन वर्षांच्या अटीखाली अडकलेल्या, विकायला आलेली एखाददुसरी, आणि अर्ज नाकारलेले हजारो लोक बाहेर उभे. अशा वेळी एका गाडीवर लागलेली बोली म्हणजे त्या रात्री त्या हॉलमधल्या दोन सगळ्यात उतावीळ माणसांचा भाव. फ्लिपिंग, म्हणजे गाडी घेऊन लगेच जास्त भावाने विकणं, थांबवायला घातलेल्या अटीनेच विक्रीला येणाऱ्या गाड्या जवळपास शून्यावर आणल्या आणि त्यामुळे जो कोणी अट मोडेल त्याचा फायदा अजून वाढला. पुढे अटीची मुदत संपून गाड्या मोकळेपणाने विकायला यायला लागल्या तशी किंमत खाली आली, बऱ्याच गाड्या दहा लाखांच्या खालीही गेल्या. म्हणून मी म्हणतो की १६.५ लाख दाखवून 'फोर्डने एवढे पैसे सोडले' असा हिशोब करणं चूक आहे, ५०० गाड्या त्या भावाला कधीच गेल्या नसत्या.

५०० चे १,३५०

गाड्या किती बनवायच्या ह्यावर फोर्ड दोनदा बदलली. ऑगस्ट २०१६ मध्येच दोन वर्षं वाढवली, तिसरं वर्ष वेटिंगवाल्यांसाठी आणि चौथं ज्यांना थांबवून ठेवलं होतं किंवा ज्यांचा अर्जच राहून गेला त्यांच्यासाठी, म्हणजे १,०००. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केलं की एकूण १,३५०, उत्पादन २०२२ पर्यंत चालणार, आणि अर्ज नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडले.

पहिल्या ५०० वाल्यांना फसवल्यासारखं वाटलं असेल का? काहींना नक्की वाटलं असणार. पण ज्याने गाडी चालवायला घेतली त्याचं काय नुकसान झालं? नुकसान झालं ते तिजोरीत ठेवायला घेणाऱ्याचं, आणि त्याला ती द्यायचीच नव्हती. मला तर वाटतं फ्लिपरविरुद्ध फोर्डचं सगळ्यात परिणामकारक हत्यार कोर्ट नव्हतंच, मार्कहमचा तो कारखाना होता.

ह्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा पोर्शकडे आहे. मार्च २०१६ मध्ये जिनिव्हाला ९११ आर आली, ५०० हॉर्सपॉवरचं ४ लिटर इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, संख्या फक्त ९९१, अमेरिकेत किंमत १,८४,९०० डॉलर, आणि पहिला मान पोर्शच्याच महागड्या ९१८ स्पायडरच्या मालकांना. तेव्हाची ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक डबल क्लचवर मिळत होती म्हणून मॅन्युअलची भूक असलेले सगळे ह्या ९९१ गाड्यांवर तुटून पडले आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात किमती कितीतरी पट चढल्या. पोर्शने कुणावर केस टाकली नाही. २०१७ मध्ये नव्या जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय दिला, आणि सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला मोठ्या स्पॉयलरशिवायची जीटी३ टूरिंग आणली, जवळपास तोच अनुभव, आणि संख्येची मर्यादाच नाही. ९११ आरचे भाव घसरले. ज्याला चालवायची होती त्याला गाडी मिळाली, साठेबाजाचा फायदा आटला. ९११ आर आजही खास आहे, पण गाडी म्हणून खास आहे.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे लेक्सस एलएफए, आणि फ्लिपिंगचं बोलायचं तर तिला सोडून चालणार नाही. तीही ५००, किंमत ३,७५,००० डॉलर. अमेरिकेत लेक्ससने सुरुवातीला गाडी विकलीच नाही, दोन वर्षांच्या लीजवर दिली, म्हणजे मालकी कंपनीकडेच राहणार आणि गिऱ्हाइकाकडे विकायला काही नसणार. कायद्याच्या दृष्टीने फोर्डच्या अटीपेक्षा हे शंभर पटीने पक्कं. पण तेव्हा त्या किमतीला लेक्ससचा बिल्ला घ्यायला लोकांची रांगच नव्हती, नंतर सरळ विक्रीही करावी लागली आणि काही नव्या कोऱ्या एलएफए कित्येक वर्षं डीलरकडे पडून राहिल्या. नुसता ५०० आकडा छापला म्हणजे मधला फरक तयार होत नाही, एवढं तरी ह्यावरून कळतं. फोर्डकडे रांग होती आणि कुलूप कच्चं होतं, लेक्ससकडे कुलूप पक्कं होतं आणि रांग नव्हती.

मग फोर्डने काय बदललं

जीटीच्या पुढच्या वर्षांकडे बघितलं तर कंपनी शिकत गेली असं दिसतं, जरी ते शिकणं मला सगळंच आवडलेलं नाही. नेहमीची जीटी हळूहळू पाच लाखांपर्यंत गेली, २०२० मध्ये पॉवर ६६० झाली, आणि त्याच वर्षी रंगच न दिलेली, नुसतं कार्बन दिसणारी लिक्विड कार्बन आवृत्ती आली, ती साडेसात लाखांची. त्याआधी जुलै २०१९ मध्ये मार्क टू जाहीर झाली होती, फक्त ट्रॅकसाठी, ७०० हॉर्सपॉवर, ४५ गाड्या, प्रत्येकी १२ लाख डॉलर. आणि शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये मार्क फोर, तीही फक्त ट्रॅकची, ८०० हून जास्त हॉर्सपॉवर, १९६७ च्या ल माँ विजयाच्या आठवणीत ६७ गाड्या, प्रत्येकी १७ लाख. २०१८ मध्ये लिलावात जी किंमत लागली आणि मधले पैसे दुसऱ्याने नेले, जवळपास तेवढीच किंमत आता फोर्डने स्वतःच पाटीवर लिहिली.

हे हुशारीचं आहे. रस्त्यावर दिसणारी गाडी कमी भावात चाहत्याला द्यायची, आणि ज्याला नुसता पैसा खर्च करायचाय त्याच्यासाठी वेगळी, मोजकी, रस्त्यावर न चालणारी गाडी पूर्ण भावाला ठेवायची. दोन वेगळी गिऱ्हाइकं, दोन वेगळ्या किमती. हे २०१६ मध्येच केलं असतं, म्हणजे पहिल्या दिवसापासून एक महागडी मालिका शेजारी ठेवली असती, तर उतावीळ पैशाला जायला एक रस्ता मिळाला असता आणि अर्जातून निवडलेल्या गाड्यांवरचा दाब कमी झाला असता असं मला वाटतं.

अट गिऱ्हाइकाला बांधण्यापेक्षा गाडीला बांधायची, हे मात्र दुसऱ्याच कंपनीने करून दाखवलं. २०२२ मध्ये जनरल मोटर्सने कॉर्व्हेट झेड०६ बाबत सांगितलं की पहिल्या काही महिन्यांत गाडी विकली तर काही वॉरंटी पुढच्या मालकाकडे जाणार नाहीत, आणि विकणाऱ्याला पुढच्या काही मागणी असलेल्या गाड्यांच्या ऑर्डरी देता येणार नाहीत. वर वर्षभर गाडी स्वतःकडे ठेवली तर पाच हजार डॉलर किमतीचे रिवॉर्ड पॉइंट. ह्यात कोर्टात जावंच लागत नाही, कारण दुसरा खरेदीदार आपोआप विचारतो की वॉरंटी आहे का, नाही म्हटलं की भाव पाडून मागतो, आणि फ्लिपरचा फायदा तिथेच कापला जातो. एक लाखाच्या थोडी वर किंमत असलेल्या आणि रोज चालवल्या जाणाऱ्या झेड०६ ला हे लागू पडतं. जीटीला तितकं पडलं नसतं, कारण १६ लाख मोजून गाडी कापडाखाली ठेवणाऱ्याला वॉरंटीची फारशी पडलेली नसते. तिथे डीलरच्याच विक्री करारात अट आणि दोन वर्षांपर्यंत मूळ किमतीला गाडी परत घेण्याचा कंपनीचा हक्क, एवढं एकाच कागदावर लिहिलं असतं तरी सीनाच्या वकिलांना फट सापडली नसती. परत आलेली गाडी वेटिंगवरच्या पुढच्या माणसाला त्याच किमतीत देता आली असती, आणि हजारो माणसं त्यासाठी थांबलेलीच होती.